उसळलेल्या विमानाचे नाक खाली ढकलणे आणि त्यानंतरचा जबाब
तिसऱ्या सोलो (एकट्याने केलेल्या) उड्डाणात तुमचे सेस्ना १७२ हे छोटे विमान धावपट्टीवर तीनदा आदळून नोज व्हील (नाकाखालचे चाक) वाकले आणि आता उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे कार्यालय वाऱ्याच्या झोताचा उल्लेख असलेला जबाब मागत आहे, हे वाचून मला राहवले नाही, कारण २००९ साली मी नेमक्या अशाच जबाबावर सही केली होती.

फ्लेअर (टेकण्याआधी नाक हलकेच वर उचलणे) कधी सुरू करावा वगैरे तुम्हाला शिकवलेले असेलच. माझी खरी चूक त्याआधीची होती. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, मी ६५ ऐवजी ७५ नॉट वेग ठेवला. दहा नॉट जास्त असलेले बरे, अशी माझी समजूत होती. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे मी सुमारे एक तृतीयांश जादा ऊर्जा घेऊन उतरत होतो. विमान तरंगतच राहिले, धावपट्टी सरत चालली म्हणून मी ते बळेच टेकवले, नोज व्हील आधी लागले आणि विमान उसळले. तेव्हा मी योक (विमानाचे सुकाणू) पुढे ढकलून नाक खाली दाबले. हाताची हालचाल विमानाच्या हालचालीपेक्षा किंचित मागे राहत असल्याने प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा वाईट होत गेली. तिसऱ्या वेळी प्रोपेलर जमिनीला लागला आणि नोज गिअर (पुढच्या चाकाचा सांगाडा) ज्या फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या धातूच्या भिंतीला, जोडलेला असतो तीही दुमडली.

त्या दिवशी विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) लुळा लटकत होता. तरीही कार्यालयाच्या सांगण्यावरून मी ‘अचानक वाऱ्याचा झोत’ असे लिहून दिले. परिणामी माझे फेरप्रशिक्षण आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगचे झाले, वेगाच्या सवयीला कोणी हातच लावला नाही आणि आठ महिन्यांनी मी पुन्हा तसाच उसळलो. शेजारी इन्स्ट्रक्टर होते म्हणून विमान वाचले. विद्यार्थ्याकडून असे लिहून घेणे मला आजही अक्षम्य वाटते.

मी कायद्याचा जाणकार नाही, आणि तुमच्या विमानाचे मॅन्युअल व इन्स्ट्रक्टर यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा आहे. तरीही माझे मत असे की जबाबात फायनलवरचा वेग आणि योक पुढे ढकलल्याचे स्पष्ट लिहावे, सहीपूर्वी प्रत मागून घ्यावी आणि फेरप्रशिक्षणात उसळीनंतरच्या गो-अराउंडचाच (उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचाच) सराव मागावा: पूर्ण थ्रॉटल, नाक आटोक्यात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आधी फक्त २० अंशांपर्यंत वर. प्रोपेलरचे टोक जरासेच घासले असले, तरी इंजिन उघडून तपासल्याची नोंद पाहिल्याशिवाय त्या विमानात पुन्हा बसू नका.