पेन्सिल दिसली की टेबलाखाली जाणारं मूल

‘लिहायला सांगितलं की नकार देतो,’ असा निरोप शाळेतून येतो आणि घरी त्याला हट्ट म्हणतात. ऑटिझम असलेल्या मुलाचं गाडं नक्की कुठे अडतं, ते आधी शोधा. एकच विषय तीन दिवस तीन प्रकारे द्या: बोलून, टाइप करून, हाताने लिहून. बोलून पाच वाक्यं आणि कागदावर दीड आलं, तर अडचण बहुधा हाताची. तिन्ही प्रकारे काहीच आलं नाही, तर आधी प्रश्न बदलून बघा. ‘वीकेंडला काय केलंस?’ या प्रश्नात आठवायचं, निवडायचं, क्रम लावायचा आणि समोरच्याला काय माहीत नाही याचा अंदाजही घ्यायचा, इतकी कामं दडलेली असतात. त्याऐवजी फोनमधला शनिवारचा फोटो समोर ठेवा, चार शब्द बाजूला लिहून द्या, वाक्याची सुरुवात करून द्या. किती ओळी लिहिल्या की सुटका, तेही कागदावर खूण करून दाखवा. शेवट दिसत नसेल तर पुष्कळ मुलं सुरुवातच करत नाहीत.

अडचण हाताची असेल तर पाय बघा. ते लटकत असतील तर शरीर सावरण्यातच मूल दमतं. पायांखाली खोकं द्या. तीन इंची बाइंडर (कागद लावायची जाड फाईल) आडवा ठेवला, जाड कड मुलापासून लांब, की उतरती पाटी फुकटात तयार. पेन्सिल आखूड हवी, गोल्फ पेन्सिलीएवढी, म्हणजे मूठ करून धरायला जागाच राहत नाही. फार दाबून लिहिणाऱ्याला मेकॅनिकल पेन्सिल देतात, शिसं मोडलं की दाब कळतो म्हणून; पण शिसं मोडल्यावर चिडणाऱ्या मुलाच्या हाती ती देऊ नका. सारखं खोडणाऱ्याचा खोडरबर काढून घ्या आणि चुकीवर एकच आडवी रेघ मारायला शिकवा. कणीक मळणं, शेंगा सोलणं खुशाल करा, पण तेवढ्याने अक्षर सुधारत नाही. अक्षर अक्षर काढूनच सुधारतं: रोज दहा मिनिटं, निदान वीस बैठका, एका वेळी दोन-तीनच अक्षरं.

त्याच वेळी टायपिंगही सुरू करा. ‘मग हाताने लिहिणं सुटेल,’ या भीतीपोटी वर्षं वाया जातात. हात मागे आहे म्हणून विचारांना का थांबवायचं?

अमेरिकेत असाल तर सरकारी शाळेकडे मूल्यमापनाची मागणी लेखी करा. ईमेलला तारीख असते, तोंडी बोलण्याला नसते. त्यात ऑक्युपेशनल थेरपी (हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) आणि असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी (कीबोर्डसारखी मदतीची साधनं) हे दोन्ही शब्द घाला. तुमची लेखी संमती मिळाल्यापासून 60 दिवसांत मूल्यमापन व्हावं असा केंद्रीय नियम आहे. राज्याची वेगळी मुदत असेल तर ती लागू. निष्कर्ष पटला नाही तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. शाळेबरोबरच्या बैठकीला दुभाषा मागण्याचाही हक्क आहे, तो मागताना संकोच करू नका. आयईपीमध्ये, म्हणजे मुलाला शाळेत काय मदत मिळेल त्याच्या लेखी आराखड्यात, ‘गरजेनुसार कॉम्प्युटर’ असं मोघम वाक्य आलं तर सही करण्याआधी थांबा. ती गरज ठरवणार कोण? ‘एका वाक्याहून लांब लेखन कीबोर्डवर, सर्व विषयांत आणि चाचण्यांतही, फळ्यावरचा मजकूर छापून बाकावर,’ असं लिहून घ्या.

मराठी शाळेचं काय? घरी मराठी बोलणं थांबवू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम वाढत नाही. देवनागरी लिहिणं मात्र इंग्रजी अक्षरं बसेपर्यंत लांबवलं तरी चालेल. सुरू कराल तेव्हा अआइई नको, गमभन घ्या, कारण त्यांची वळणं एकमेकांतून निघतात. रव्याच्या ताटात बोटाने अक्षर काढा, शिरोरेषा सर्वांत शेवटी. आजीला पत्र पाठवायचं असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइक दाबून बोलू द्या. मूल बोलत नसेल तर चित्रं निवडू द्या. खाली सही तेवढी हाताची, एका अक्षराची असली तरी.