वेब पानावरच्या कॅनव्हासवर (कोडने चित्र काढायच्या चौकटीवर) काढलेल्या वर्तुळावर क्लिक झालं हे कसं ओळखायचं?

वर्तुळाला थेट क्लिक इव्हेंट लावता येत नाही, कारण कॅनव्हासला आकार लक्षातच राहत नाहीत. एकदा काढलं की उरतात ते फक्त पिक्सेल. त्यामुळे प्रत्येक आकाराची माहिती स्वतःच्या ॲरेमध्ये (यादीत) ठेवा आणि क्लिक झाल्यावर गणित करा.

समजा केंद्र (१००, ८०), त्रिज्या ३० आणि क्लिक (११५, १००) वर झालं. फरक १५ आणि २०. वर्गांची बेरीज ६२५. त्रिज्येचा वर्ग ९००. बेरीज कमी, म्हणजे क्लिक आत. वर्गांचीच तुलना पुरते, वर्गमूळ काढत बसू नका.

ॲरे शेवटाकडून तपासा, कारण शेवटी काढलेला आकार सगळ्यात वर दिसतो. पहिला सापडला की थांबा.

बहुतेकांचं घोडं अडतं ते माउसच्या स्थानापाशी. ते पानाच्या नव्हे, कॅनव्हासच्या कोपऱ्यापासून मोजायला हवं. शिवाय ६०० रुंदीचा कॅनव्हास सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) ३०० चा केला असेल, तर आडवं अंतर दुप्पट करा. मी यात एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

वेड्यावाकड्या आकारांसाठी बिंदू आकाराच्या आत आहे का ते सांगणारं ‘इज पॉइंट इन पाथ’ हे तयार फंक्शन आहेच. बारीक रेषेला मात्र दोन्ही बाजूंनी चार-पाच पिक्सेलची सूट द्या, नाहीतर ती पकडताच येत नाही.