कबड्डीवर लिहायचंय? आधी एवढं बघ

गुहागरात बसून फक्त कबड्डीवर लिहायचंय म्हणतोस, लिही की! पण पगारी नोकरीच्या भरवशावर राहू नकोस. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पेपरने 2023 मध्ये आपला क्रीडा विभागच बंद केला. लोक सामना संपायच्या आत मोबाइलवर क्लिपा बघतात. जाहिरातीचा पैसाही तिकडेच वळतो, आणि कात्री आधी कमी वाचकांच्या खेळांवर चालते.

नवखे नुसता स्कोअर लिहून पाठवतात. तो सगळ्यांना कधीच कळलेला असतो. तू चढाई बघ: डाव्या कोपऱ्यातला बचावपटू कधी आत सरकला, तीनच गडी उरल्यावर सुपर टॅकलसाठी, म्हणजे चढाईवाल्याला पकडून जादा गुण मिळवायला, कोण दबा धरून होता. खेळाडूचं नाव, गाव त्यालाच विचारून घे. नाव चुकलं की वाडीत तोंड दाखवायची सोय नाही!

कॅमेरा-माइक नंतर. आधी तालुक्यातल्या स्पर्धांची तारीखवार यादी कर.