साताऱ्यात संडे स्कूल घेते. सात-आठ वर्षांच्या मुलांना कवितेतलं यमक कसं शिकवू?

अभंगापासून सुरुवात करा, व्याख्या नंतर. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे: सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. हरवलेल्या मेंढराचा दाखला (लूक १५) त्यात असा बसतो:

मेंढपाळ गेला । डोंगराच्या पाठी ।
एका मेंढीसाठी । रातोरात ॥

मी वर्गात ‘मेंढीसाठी’ झाकते आणि मुलांना शब्द भरायला लावते. आधी ‘काठी’, ‘गाठी’ येतं; मग अर्थ जुळतो का ते तीच भांडून ठरवतात. अक्षरं टाळ्यांवर मोजा, जोडाक्षर एकच धरा. हे परकं वाटायचं कारण नाही: फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (१६१६) ओवीतच आहे, आणि १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू करणाऱ्या कवी ना. वा. टिळकांनी अभंगही लिहिले.

फक्त बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत यमक शोधायला लावू नका. मूळ हिब्रू स्तोत्रांची रचना यमकावर नाही; तिथे एका ओळीतला अर्थ पुढची ओळ अनेकदा वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगते. तो धडा जरा मोठ्या मुलांसाठी ठेवा.