वाचक विचारतात : विनोदाचा अभ्यास करायचा म्हणजे काय करायचं?

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मराठी विनोदी लेखन आणि मूकपटांतला विनोद असा विषय घेतला आहे. सगळी उदाहरणं 'शब्दनिष्ठ', 'प्रसंगनिष्ठ', 'स्वभावनिष्ठ' अशी लावून झाली. मार्गदर्शक विचारतात, यात विश्लेषण कुठे आहे?

उत्तर : त्यांचा प्रश्न रास्त आहे. उदाहरण कोणत्या खणात बसतं हे कळलं, तरी हसू कशावर उभं आहे ते कळत नाही. त्यासाठी एकच गोष्ट बदलायची आणि हसू टिकतं का ते पाहायचं. ही कसोटी आपल्याकडे जुनीच आहे. शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवल्यावर चमत्कृती गेली तर अलंकार शब्दाचा, राहिली तर अर्थाचा, असा निवाडा संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त केला आहे.

'कर भरता भरता कर रिकामे झाले.' यातल्या दुसऱ्या 'कर'ऐवजी 'हात' घाला. कोटी गेली, पण 'भरणे' आणि 'रिकामे' यांची टक्कर शिल्लक आहे. म्हणजे वाक्याला दोन टेकू होते. नुसतं 'शब्दनिष्ठ' लिहून मोकळं झालं की दुसरा निसटतो.

हीच कसोटी पडद्यावर लावा. चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळातले फ्रेंच चित्रपटकार ल्युमिएर यांचा 1895 सालचा माळ्याचा मूकपट एका मिनिटाहून लहान आहे, सरावाला उत्तम. माळी नळीने पाणी घालतोय, मागून पोरगा येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरतो, पोरगा पाय उचलतो, फवारा थेट तोंडावर! आता पोरगा चौकटीबाहेर आहे असं समजा. फवारा तोच, पण उरतो तो फक्त दचका. आपल्याला माहीत आहे आणि माळ्याला नाही, या फरकावर सगळी मजा उभी आहे. म्हणून प्रत्येक प्रसंगाची नोंद करताना वेळ, काय दिसतं, कुणाला काय ठाऊक, असे तीन रकाने आखा. आधी एकदा नोंदी न घेता पाहा, मग थांबवत थांबवत.

एक चूक मात्र हमखास होते. हा चित्रपट सेकंदाला साधारण 16 चित्रचौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने टिपलेला आहे. तो 24 ने चालवला की हालचाल दीडपट वेगाने होते, आणि त्या घाईचंच हसू येतं. ते दिग्दर्शकाच्या खात्यावर टाकू नका. मागाहून घातलेलं संगीत आणि हशाही बंद करून पाहा.

प्रश्न : शि. द. फडणिसांसारख्यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांबद्दल लिहिताना उद्धृत काय करायचं?

उत्तर : चित्रच छापा, वर्णनावर भागवू नका. कोऱ्या कागदाने चित्राचा एकेक भाग झाका. जो झाकल्यावर हसू जातं, तो चित्राचा कळीचा भाग. मग नजर तिथे आधी जाते की शेवटी, ते चार-पाच जणांना वेगवेगळं दाखवून विचारा. चित्र मासिकातलं असेल तर अंक, वर्ष आणि पृष्ठ नोंदवा. मुखपृष्ठ असेल तर तसं लिहा, कारण मुखपृष्ठाला रंग मिळतो आणि कित्येकदा विनोद त्या रंगातच असतो.