स्टेरॉइड चालू केल्यावर पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे इन्फेक्शन झालंय का?

नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तुमच्या आईंना दम्यासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू केली आणि पांढऱ्या पेशींचा काउंट 9,000 वरून 15,000 झाला, हे या गोळीनेही होतं. कसं, तर आपल्या न्यूट्रोफिल पेशींपैकी (या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बऱ्याच रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात, त्या रिपोर्टमध्ये मोजल्याच जात नाहीत, स्टेरॉइडने त्यांची पकड सुटते आणि त्या रक्तात वाहायला लागतात, शिवाय बोन मॅरोमधून (हाडांच्या आतल्या मगजातून) नव्या येतात आणि जुन्या लवकर मरत नाहीत, म्हणून आकडा फुगतो. पण भिंतीला चिकटता येत नाही म्हणजे जिथे जंतू आहेत तिथे बाहेर पडताही येत नाही! म्हणून आकडा जास्त असूनही प्रतिकारशक्ती कमीच, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तर उलट घटतात.

आयबुप्रोफेन हीसुद्धा सूज कमी करणारी गोळी, पण ती स्टेरॉइड नाही, तिचं वेगळं आहे, ती प्रोस्टाग्लँडिन (सूज-वेदना वाढवणारी शरीरातली रसायनं) कमी करते, काउंट सहसा असा वाढवत नाही.

ताप, थंडी किंवा दम वाढला तर मात्र थांबू नका, स्टेरॉइडवर ताप दबूही शकतो, त्यामुळे आई नेहमीपेक्षा गळून गेल्यासारख्या वाटल्या तरी दाखवा. आणि रिपोर्ट बघून घाबरून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका प्लीज.