टेस्टच्या आधी मावशीला फोन कर

अरे, तुझा मेसेज मिळाला. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, मग मी लगेच जेनेटिक टेस्ट करून टाकू का, असं विचारतोयस. टाकू का म्हणजे काय, ती काय उरकून टाकायची गोष्ट आहे?

आधी कागद घे आणि दोन्हीकडची माणसं लिहून काढ, कुणाला कुठला कॅन्सर झाला आणि कितव्या वर्षी. दोन्हीकडची म्हणजे आईकडचीसुद्धा. पुरुषांचा आजार म्हटलं की सगळे बाप, काका, आजोबा एवढंच बघतात आणि तिथेच फसतात, कारण बीआरसीए-२ हा जीन, जो लोकांना बायकांच्या ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरमुळे माहीत आहे, तोच बिघडलेला असला तर पुरुषाला प्रोस्टेटची रिस्क वाढते आणि तो कॅन्सर कमी वयात येऊन जास्त जोरात पसरू शकतो. त्यामुळे मावशीचं जे ऑपरेशन तुझ्यापासून लपवलं होतं ना, ते कशाचं होतं हे नीट विचार. लाजू नकोस.

आता टेस्ट. शक्यतो आधी वडिलांची होऊ दे. त्यांच्यात बिघाड सापडला तर तुझ्यात नेमका तोच शोधायचा असतो, हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं (चान्स निम्मा, आणि बहिणीलाही तेवढाच, तिला विसरू नकोस). आधी तुझीच केली आणि काही नाही निघालं, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. शिवाय त्यांच्या ट्रीटमेंटलाही उपयोग होऊ शकतो, पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये असे बिघाड असतील तर ओलापॅरिबसारखी औषधं आहेत, अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. फक्त डॉक्टरांना एक विचार, टेस्ट गाठीच्या तुकड्यावर झालीय की रक्त-लाळेवर? गाठीत दिसलेला बदल फक्त गाठीपुरताही असू शकतो, तो घराण्यातून आलाय का हे रक्त किंवा लाळच सांगते. आणि घरबसल्या लाळ पाठवायचे किट असतात त्यातले काही जीनमधल्या मोजक्याच जागा बघतात, त्यांच्या 'नॉर्मल'वर खूश होऊन बसू नको.

रिपोर्टमध्ये कधी कधी 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. त्यावरून काहीही ठरवायचं नाही, जेनेटिक काउन्सेलरकडे जायचं.

आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही रे. बीआरसीए-२ वाल्यांना साधारण चाळिशीपासून पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून येणारं प्रोटीन, रक्तात मोजतात) तपासत राहायला सांगतात, कारण सुरुवातीला बहुतेकदा काही जाणवतच नाही. पीएसए वाढला तरी लगेच घाबरायचं नाही, लघवीचं इन्फेक्शन किंवा वयाने वाढलेली ग्रंथी यानेही तो चढतो.

वडिलांच्या पुढच्या अपॉइंटमेंटला तू सोबत जा, ते एकटे गेले तर 'सगळं ठीक आहे' एवढंच घरी येऊन सांगतील. बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन ठेव आणि मावशी काय म्हणाली ते कळव.